सहीविना सरकार : १९२० चं काप बंड पाच दिवसांत का कोसळलं

शनिवार, १३ मार्च १९२०. पहाटे सव्वासहाच्या सुमारास जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष, चान्सलर (म्हणजे सरकारचा प्रमुख) आणि बहुतेक मंत्री मोटारींत बसून बर्लिनबाहेर पडले. त्यानंतर काही मिनिटांतच नौदलाच्या एका ब्रिगेडचे सैनिक गाणी म्हणत ब्रांडेनबुर्ग वेशीपाशी पोहोचले. त्यांतल्या अनेकांच्या पोलादी शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेलं होतं. (नाझी पक्षाने हे चिन्ह आपल्या झेंड्यावर घेतलं ते त्यानंतर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात.) लढाई न होताच राजधानी पडली. आणि पुढच्या बुधवारी, १७ तारखेला, शनिवारी स्वतःला चान्सलर म्हणवून घेणारा गृहस्थ राजीनामा देऊन पसार झाला होता.

राजधानी हातात, सैन्य हातात, सरकार पळालेलं. एवढी पानं हातात असताना डाव गेला कसा? इतिहासाच्या पुस्तकांत याचं उत्तर बहुतेक एका ओळीत येतं : कामगारांनी संप केला. ते खरं आहे, पण अर्धवट. संपाने नेमकं काय बंद पडलं, कुणी कुणाला नाही म्हटलं, आणि कोण नुसतंच कुंपणावर बसून राहिलं, हे पाहिल्याशिवाय या बंडाचा उलगडा होत नाही.

जर्मन भाषेत अशा प्रकाराला 'पुट्श' म्हणतात. शब्द मूळचा स्वित्झर्लंडमधल्या जर्मन बोलीतला, अर्थ धडक किंवा धक्का. क्रांतीसारखी जनता रस्त्यावर नसते. मोजके लोक वरच्या खुर्च्यांना धडक देतात आणि खालची सगळी यंत्रणा आपोआप आपल्यामागे येईल असं धरून चालतात.

एक लाखाचा आकडा

पहिलं महायुद्ध हरल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, गादी सोडून गेला आणि जर्मनी प्रजासत्ताक झालं. जानेवारी १९१९ मध्ये स्त्रियांसह सगळ्या प्रौढांनी मतदान करून राष्ट्रीय सभा निवडली, ऑगस्टमध्ये राज्यघटना आली. सत्ता मुख्यतः सोशल डेमोक्रॅट या कामगारांच्या मवाळ डाव्या पक्षाकडे होती : फ्रीडरिश एबर्ट राष्ट्राध्यक्ष, गुस्ताव्ह बाउअर चान्सलर, गुस्ताव्ह नोस्के संरक्षणमंत्री.

या सरकारची अडचण अशी की डावीकडून उठाव झाले तेव्हा ते मोडायला त्याच्याकडे स्वतःचं भरवशाचं सैन्य नव्हतं. मग युद्धातून परतलेल्या अधिकाऱ्यांनी स्वयंसेवक जमवून उभारलेल्या पथकांचा, म्हणजे 'फ्रायकोर'चा, आधार घेतला गेला. पगार सरकारचा, निष्ठा मात्र आपापल्या सेनापतीशी. या पथकांनी १९१९ मध्ये बर्लिन आणि म्युनिकमधले डावे उठाव रक्त सांडून मोडले. प्रजासत्ताकाबद्दल त्यांच्या मनात प्रेम नव्हतंच. डाव्यांचा द्वेष जास्त होता, एवढंच.

१० जानेवारी १९२० ला व्हर्सायचा तह अमलात आला. त्यानुसार जर्मन लष्कर १ लाखावर आणायचं होतं, त्यात अधिकारी जास्तीत जास्त ४,०००. नौदल १५,०००. १९१९ च्या उन्हाळ्यात लष्करात याच्या कितीतरी पट माणसं होती, शिवाय फ्रायकोर वेगळे. हिशेब सरळ आहे : बहुतेक अधिकाऱ्यांची नोकरी जाणार. ज्यांना तलवारीखेरीज दुसरा धंदा येत नाही, समाजात मान फक्त गणवेशामुळे आहे, अशा हजारो तरण्या माणसांना घरी बसायची वेळ आली. त्यात फेब्रुवारीत दोस्त राष्ट्रांनी युद्धगुन्हेगार म्हणून जवळपास ९०० जणांची यादी पाठवली आणि त्यांना आमच्या हवाली करा म्हणून सांगितलं. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत काय वातावरण असेल, वेगळं सांगायला नको.

२९ फेब्रुवारीला नोस्केने दोन नौदल ब्रिगेड बरखास्त करायचा हुकूम काढला : एर्हार्टची आणि लोवेनफेल्डची. कॅप्टन हेर्मान एर्हार्टची ब्रिगेड, सुमारे ५ ते ६ हजार माणसं, बर्लिनच्या पश्चिमेला ड्योबेरिट्झच्या छावणीत होती. रात्री निघालं तर पहाटे राजधानीत, एवढं अंतर. पेटी आणि काडी एकाच कपाटात ठेवल्यासारखं होतं हे.

दोन माणसं, दोन वेगळे डाव

बंडाला नाव मिळालं वोल्फगांग काप याचं. पण त्याची तारीख ठरवली जनरल वाल्टर फॉन ल्युटविट्झने. दोघांचा मेळ कधीच नीट बसला नाही, आणि बंड फसण्याचं पहिलं बीज इथेच पडलं.

काप पूर्व प्रशियातला मोठा सरकारी अधिकारी, जमीनदारांना कर्ज देणाऱ्या संस्थेचा प्रमुख. जन्म १८५८ चा, तोही न्यू यॉर्कमधला; कारण त्याचे वडील १८४८ च्या लोकशाही क्रांतीत भाग घेऊन परागंदा झालेले. बापाने लोकशाहीसाठी देश सोडला, मुलगा तीच उलथवायला निघाला. १९१७ मध्ये त्याने अॅडमिरल टिर्पिट्झबरोबर उजव्या विचारांचा 'पितृभूमी पक्ष' काढला होता. त्याला हवा होता सगळा बदल : नवं सरकार, नवी घटना, अधिकाऱ्यांच्या याद्या तयार, मगच पाऊल.

ल्युटविट्झ बर्लिन आणि पूर्वेकडच्या सैन्याचा मुख्य सेनापती. त्याला राजकारणाची यादी नको होती. त्याला आपल्या ब्रिगेडी वाचवायच्या होत्या. १० मार्चच्या संध्याकाळी तो थेट एबर्टसमोर उभा राहिला आणि मागण्या वाचून दाखवल्या : राष्ट्रीय सभा विसर्जित करा, ताबडतोब निवडणुका घ्या, मंत्रिपदांवर पक्षांची माणसं नकोत तर तज्ज्ञ बसवा, मला सरसेनापती करा, ब्रिगेड बरखास्तीचा हुकूम मागे घ्या. एबर्ट आणि नोस्के दोघांनी साफ नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याला पदावरून दूर करण्यात आलं. तो तडक ड्योबेरिट्झला गेला आणि एर्हार्टला विचारलं, आज रात्रीच निघता येईल का? एर्हार्ट म्हणाला, एक दिवस द्या. बंडाची तारीख ठरली ती अशी, रागाच्या भरात. कापच्या तयारीचा पत्ता नव्हता, पण आता मागे फिरायची सोयही नव्हती.

सरकारचीही शान काही वेगळी नव्हती. कटातल्या लोकांना पकडण्याचे हुकूम निघाले, ते पोलिसांमधूनच फुटले आणि मंडळी सटकली. १२ तारखेला छावणीत काय चाललंय ते पाहायला नोस्केने अॅडमिरल ट्रोथाला पाठवलं. ट्रोथाने निघण्याआधी फोन करून आपण येतोय असं कळवलं. गेल्यावर अर्थातच सगळं शांत दिसलं, तसा अहवालही आला. त्याच रात्री ब्रिगेड निघाली.

मध्यरात्रीची बैठक

मध्यरात्र उलटल्यावर नोस्केने सेनाधिकाऱ्यांना बोलावलं. प्रश्न एकच : शहराच्या तोंडाशी बंडखोरांवर गोळी चालवायची का? जनरल राइनहार्ट हो म्हणाला. नोस्केचा एक सहायक अधिकारी सोडला तर बाकीचे सगळे नाही म्हणाले. जनरल स्टाफचं काम चालवणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख हान्स फॉन झेक्ट याच्या तोंडी 'सैन्य सैन्यावर गोळी झाडत नाही' हे वाक्य घातलं जातं. शब्द नेमके तेच होते का याबद्दल वाद आहे, पण भूमिका तीच होती. झेक्ट घरी गेला आणि रजेवर बसला.

याला तटस्थपणा म्हणतात, पण मला तो शब्द इथे पटत नाही. वाड्याचा पहारेकरी दरोडेखोर येताना दिसल्यावर 'मी मध्ये पडत नाही' म्हणाला, तर तो कुणाच्या बाजूचा? झेक्टचा हिशेब सैन्याचा होता. आज आपसांत लढलो तर लष्कर फुटेल, सरकारं येतील-जातील, लष्कर टिकलं पाहिजे. बंडानंतर हाच झेक्ट लष्कराचा प्रमुख झाला.

पहाटे चारच्या सुमारास मंत्रिमंडळ बसलं. तिथे दोन निर्णय झाले आणि पुढचं सगळं या दोन निर्णयांवर फिरलं.

पहिला, पळायचं. ऐकायला भित्रेपणा वाटतो, पण अशा धडकेत हल्लेखोरांना सगळ्यात आधी हवा असतो तो कायदेशीर सत्ताधारी : त्याचा राजीनामा, त्याची सही, निदान त्याची कैद. एबर्ट हाती लागला असता तर दबाव टाकून 'नव्या सरकारला सहकार्य करा' असा कागद काढता आला असता. तो निसटला. आधी ड्रेस्डेन, तिथल्या सेनापतीचाही भरवसा वाटेना म्हणून पुढे श्टुटगार्ट. आता देशात एक कायदेशीर सरकार जिवंत होतं, आणि प्रत्येक अधिकाऱ्याला 'आम्ही त्यांचंच ऐकतो' म्हणायची जागा होती. उपचान्सलर ऑयगेन शिफर तेवढा बर्लिनमध्ये मागे थांबला.

दुसरा, सार्वत्रिक संपाचं आवाहन. ते सरकारचा प्रसिद्धिप्रमुख उलरिश राउशरने तयार केलं आणि खाली एबर्टसह सोशल डेमोक्रॅट मंत्र्यांची नावं घातली. नंतर एबर्टने आपण त्यावर सही केलीच नव्हती असं म्हटलं. राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या देशात चाक बंद पाडायला सांगणं त्याला अवघड वाटलं असणार. पण कागद बाहेर पडला होता.

शनिवार ते बुधवार : कचेरीत काय घडलं

संप प्रत्यक्ष चालवला तो कामगार संघटनांच्या महासंघाचा अध्यक्ष कार्ल लेगीन याने. साठीला पोहोचलेला, आयुष्यभर सावध, तडजोडीचा माणूस. क्रांतिकारकांना तो कधी आवडला नव्हता. पण यंत्रणा त्याच्याकडे होती : सभासद, शाखा, फोन करायला माणसं. कारकून-कर्मचाऱ्यांची संघटना सामील झाली आणि सरकारी नोकरांचा महासंघही. हे शेवटचं विशेष, कारण जर्मन सरकारी नोकर संपाला बिचकणारा, हुकूम पाळणं हाच धर्म मानणारा. कम्युनिस्ट पक्षाने पहिल्या दिवशी सांगितलं की या प्रजासत्ताकासाठी आम्ही करंगळीही हलवणार नाही. त्यांच्या दृष्टीने ते चूक नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी, १३ जानेवारीला, संसदेसमोरच्या मोर्च्यावर याच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार करून ४२ माणसं मारली होती. पण कामगार पक्षाचं न ऐकता बाहेर पडायला लागले आणि लगेचच पक्षालाही त्यांच्यामागून जावं लागलं.

संपाचा जोर शनिवारी दिसला नाही, कारण आठवडा संपत आलेला. रविवारी बर्लिनमध्ये चाकं थांबू लागली, सोमवारी देशभर. १ कोटी २० लाखांपर्यंत लोक संपात होते असा अंदाज दिला जातो. बर्लिनमध्ये वीज नाही, गॅस नाही, ट्रॅम नाही, वर्तमानपत्र नाही, बऱ्याच भागांत पाणी नाही.

याने सैन्याचं काय बिघडतं, असा प्रश्न येईल. सैनिकाकडे बंदूक आहे, त्याला ट्रॅम कशाला हवी? बिघडतं ते असं. नव्या सरकारला आपण सरकार आहोत हे लोकांना कळवायला छापखाना लागतो, छापखाने बंद. दूरच्या छावणीतून कुमक आणायला रेल्वे लागते. इंजिनवर माणूस नाही. प्रांतातले सेनापती कुणाच्या बाजूचे हे विचारायला तार लागते. काम बंद पडलं तर ते चालवायला सरकारने १९१९ मध्ये 'तांत्रिक आपत्कालीन मदत' नावाचं पथक उभारलं होतं, पण ते एखाद-दुसरं वीजकेंद्र सांभाळण्यापुरतं. सगळा देश बंद पडल्यावर शिकाऊ हातांनी किती खटके ओढायचे?

आणि कचेरीत? काप चान्सलरच्या खुर्चीवर बसला, ल्युटविट्झ संरक्षणमंत्री, बर्लिनचा जुना पोलीसप्रमुख ट्राउगोट फॉन यागोव्ह गृहमंत्री. त्यापुढे यादी जाईना; पदं घ्यायला माणसंच मिळेनात. मंत्रालयांतल्या वरिष्ठ सचिवांनी सांगितलं की आम्ही घटनात्मक सरकारचे नोकर, तुमचे हुकूम घेणार नाही. आपल्याकडे मामलेदार कचेरीत सही-शिक्क्याशिवाय कागद पुढच्या टेबलावर सरकत नाही, त्याचं मोठं रूप डोळ्यांसमोर आणा. अशी एक गोष्ट सांगतात की नव्या सरकारचा जाहीरनामा कापची मुलगी टंकलिखित करणार होती, पण शनिवारी कचेरीत टंकयंत्रच मिळेना, आणि रविवारच्या अंकांची वेळ टळली.

पैशांची गोष्ट याहून बोलकी आहे. सैनिकांना पगार द्यायचा, वर जादा भत्त्याचं आमिष दाखवलेलं. कापने मध्यवर्ती बँकेकडे, राइखसबँकेकडे, १ कोटी मार्क मागितले. बँकेचं उत्तर असं : अधिकृत सहीचा कागद आणा. चान्सलर म्हणून कापची सही बँकेला मान्य नव्हती आणि ज्यांची मान्य होती ते सही करायला तयार नव्हते. मग एर्हार्टला म्हणे सांगण्यात आलं, जाऊन तिजोरी फोडून आण. त्याने आपण अधिकारी आहोत, दरोडेखोर नाही, असं उत्तर दिलं. राज्य लुटायला निघालेल्या माणसाला बँक लुटायची लाज वाटावी, हे खास त्या वर्गाचं आहे. आणि बँकेने खजिन्याला कुलूप घालण्याऐवजी नियम दाखवला, हे खास त्या देशाचं.

परदेशी वार्ताहरांना सांभाळायला कापने नेमला तो इग्नाझ ट्रेबिट्श-लिंकन : हंगेरीत जन्मलेला, १९१० मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून आलेला, नंतर तिथेच लबाडीसाठी तुरुंगात गेलेला आणि पुढे चीनमध्ये बौद्ध भिक्षू झालेला. नोकरशाहीने पाठ फिरवल्यावर हाताशी कसली माणसं उरतात त्याचा हा नमुना.

सोमवारपासून कापचे हुकूम एकमेकांना खोडू लागले. संपाच्या म्होरक्यांना मृत्युदंड जाहीर झाला आणि थोड्याच वेळात तो मागे घेतला गेला. धमकी द्यायची आणि मागे घ्यायची, याने कुंपणावरच्या माणसाला जे कळायचं ते कळतं.

ही कुंपणावरची माणसंच माझ्या मते निर्णायक ठरली. पूर्वेकडे बंडाला पाठिंबा होता : पूर्व प्रशियाचा प्रांतप्रमुख ऑगस्ट विनिग, सोशल डेमोक्रॅट असूनही, कापकडे गेला; मेक्लेनबुर्गमध्ये जनरल लेटो-फोर्बेक, कीलमध्ये अॅडमिरल लेवेत्सोव. पण दक्षिण आणि पश्चिमेतले बहुतेक सेनापती 'पाहू या' म्हणत थांबले. त्यांना लोकशाहीचं प्रेम होतं असं नाही. त्यांना हरणाऱ्या घोड्यावर पैसे लावायचे नव्हते. संप आणि सचिवांचा नकार यांनी घोडा हरतोय हे रोज दाखवून दिलं. विल्हेल्म्सहाफेनसारख्या ठिकाणी तर नौसैनिकांनी आपल्याच अधिकाऱ्यांना पकडून ठेवलं.

बुधवारी १७ तारखेला बर्लिनच्या सुरक्षा पोलिसांनीही कापला जायला सांगितलं. त्याने सत्ता ल्युटविट्झकडे सोपवली, आणि संध्याकाळपर्यंत ल्युटविट्झही गेला. म्युनिकहून एक विमान याच सुमारास बर्लिनला आलं. आत कवी डीट्रिश एकार्ट आणि एक तीस वर्षांचा भाषणबाज, आडोल्फ हिटलर. संधान बांधायला आले होते, पण भेटायला सरकारच उरलं नव्हतं.

१८ तारखेला ब्रिगेड शहराबाहेर निघाली. बाजूला जमलेल्या गर्दीतला एक मुलगा हसला. सैनिकांनी त्याला बंदुकीच्या दस्त्याने मारलं, लोक ओरडले, आणि निघता निघता त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. १२ माणसं मेली, ३० जखमी झाली. राजधानी घेताना जे रक्त सांडलं नाही, ते सोडताना सांडलं.

बिल कुणी भरलं

लेगीनने संप लगेच मागे घेतला नाही. त्याने नऊ कलमं पुढे केली : बंडखोरांना शिक्षा, सैन्यातून आणि नोकरशाहीतून त्यांची हकालपट्टी, नोस्केची रवानगी, कोळसा आणि पोटॅश उद्योगांचं सामाजिकीकरण (म्हणजे ते समाजाच्या मालकीचे करणं), सरकार बनवताना कामगारांच्या मताला वजन. आश्वासनं मिळाली, २२-२३ मार्चपर्यंत संप मिटला. नोस्के गेला, चान्सलर बाउअरही गेला. बाकीचं बहुतेक कागदावर राहिलं.

पश्चिमेकडच्या रूर या औद्योगिक खोऱ्यात मात्र कामगार शस्त्रं खाली ठेवायला तयार नव्हते. बंडाविरुद्ध उभं राहिलेलं तिथलं 'लाल सैन्य' ५० हजारांच्या घरात गेलं होतं. सरकारने एप्रिलमध्ये त्यांच्यावर सैन्य पाठवलं आणि हजाराहून जास्त माणसं मारली गेली. पाठवलेल्या तुकड्यांत लोवेनफेल्डची नौदल ब्रिगेड होती. तीच, जी बरखास्त करायचा हुकूम फेब्रुवारीत निघाला होता. रूर हा तहाने निःशस्त्र ठेवलेला पट्टा, तिथे सैन्य आलं म्हणून फ्रान्सने ६ एप्रिलला फ्रँकफुर्ट आणि डार्मश्टाट ताब्यात घेतलं.

६ जूनच्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांची मतं ३८ टक्क्यांजवळून २२ टक्क्यांच्या आसपास घसरली. ज्यांनी संप करून सरकार वाचवलं, त्यांतले अनेक त्याच सरकारवर चिडून डावीकडे गेले, आणि मध्यमवर्ग घाबरून उजवीकडे. सरकार चालवणाऱ्या लोकशाहीवादी तीन पक्षांच्या आघाडीने गमावलेलं बहुमत तिला पुढे कधीच परत मिळालं नाही.

दक्षिणेतल्या बव्हेरिया राज्यात (राजधानी म्युनिक) तर बंड यशस्वी झालं म्हणायला हवं. बर्लिनच्या गोंधळात तिथल्या लष्कराने सोशल डेमोक्रॅट मुख्यमंत्र्याला पायउतार करायला लावलं आणि १६ मार्चला गुस्ताव्ह फॉन कार सत्तेवर आला. म्युनिक हा बर्लिनहून पळालेल्यांचा आसरा झाला. एर्हार्ट तिथेच गेला. त्याच्या माणसांची गुप्त संघटना, 'ऑर्गनिझाट्सिओन कोन्सुल', हिने १९२१ मध्ये माजी अर्थमंत्री एर्झबर्गरचा आणि १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाउचा खून केला. १९२३ च्या नोव्हेंबरात हिटलरने बिअरच्या सभागृहातून आपली स्वतःची धडक दिली, तीही याच शहरात.

आणि न्यायालय? सातशेहून जास्त जणांची चौकशी झाली. बहुतेकांना ऑगस्ट १९२० च्या माफीने सोडवलं, इतरांची प्रकरणं एकेक करून निकालात निघाली. काप स्वीडनला पळाला होता. १९२२ मध्ये परत येऊन स्वाधीन झाला आणि खटला उभा राहण्याआधीच लाइपझिगमध्ये आजारपणात मेला. शिक्षा झाली ती एकट्या यागोव्हला, पाच वर्षांची, तीही किल्ल्यातली सन्मानाची कैद. १९२४ मध्ये तो सुटला. ल्युटविट्झ हंगेरीला गेला होता. तोही काही वर्षांनी परतला, आणि जनरलचं पेन्शन घेत जगला.